फिर्गजकार म्हणजे भाविक नव्हे, मग कोण?

बार्देसकर
पंधरा दिवस एका शब्दावर अडलोय. आमच्या गावच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका निघते आहे. मूळ मजकूर रोमी कोकणीत, आणि गावातल्या हिंदू घरांसाठी चार पानं मराठीत हवीत म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. विगार (पाद्री), कोपेल (छोटं प्रार्थनाघर), फेस्त (सण), नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सगळं तसंच ठेवलं, इथं कुणाचं त्यावाचून अडत नाही. पण एके ठिकाणी आहे, कौलं परतायला 'फिर्गजकारांनी' (इगर्जीच्या हद्दीतल्या, म्हणजे फिर्गजेतल्या, ख्रिस्ती लोकांनी) पैसे काढले. मी बिनदिक्कत 'भाविकांनी' लिहिलं. शेजारच्या काकांना खर्डा वाचून दाखवला, तर म्हणाले, "म्हापशाच्या सायबिणीक तेल घालूंक तूंय येता न्हय? मागीर तूं भाविक. हांव फिर्गजकार."

बिनतोड. त्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला आमचं घर जातंच, शिरगावच्या लईराई देवीची बहीण म्हणून जातं. पण तिथल्या कौलांची वर्गणी कुणी आमच्याकडे मागत नाही. तर मराठीत काय लिहू?

शब्दकिडा
'चर्चचे सभासद'. विषय संपला.

बार्देसकर
सभासद म्हणजे पावती फाडलेला. हे बाप्तिस्मा आणि राहतं घर यांवरून ठरतं.

फोंडेकरीण
मग 'महाजन' का नको? देवळाच्या खर्चाला पुढे होणारा, पालखीत मान असणारा, तोच ना?

दिवचलीचो
नको हो ताई, तिथंच गोम आहे. महाजनकी घराण्याबरोबर चालते. कुशस्थळीचा मंगेश सोळाव्या शतकात प्रियोळला आला, महाजन कुठच्या कुठे पांगले, तरी मुंबईत जन्मलेला नातूही महाजनच. फिर्गजकाराचं उलट. घर बदलून दुसऱ्या गावात राहायला गेला की त्या गावचा फिर्गजकार. महाजन देवाला बांधलेला, फिर्गजकार गावाला.

फोंडेकरीण
पण कित्येक गावांत कुंफ्रारीत (इगर्जीच्या धार्मिक मंडळात) गावकारांनाच, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनाच, जागा असते, बाहेरून आलेल्याला नाही. म्हणजे तिथं घराणं आलंच की. फिर्गजकार सगळेच, पण फेस्ताला लाल झूल कुणी घालायची ते जन्मावर. तुमचं 'गावाला बांधलेला' अर्धंच खरं.

दिवचलीचो
कुंफ्रारी वेगळी, फिर्गज वेगळी. पण मुद्दा कबूल. आणि झूल काय, बैल आहेत का ते?

पणजीचा भाट
मुळाकडे जा की. पोर्तुगीज 'फ्रेगेझिया', त्याची फिर्गज. 'फ्रेगेश' म्हणजे त्या हद्दीतला माणूस. व्युत्पत्ती लॅटिन 'फिलियुस एक्लेसिए'वरून सांगतात, म्हणजे चर्चचा मुलगा. गंमत अशी की त्याच पोर्तुगीजमध्ये 'फ्रेगेश' म्हणजे दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा! आमच्या आजोबांना पोर्तुगीज शाळेत हा शब्द आधी गिऱ्हाईक म्हणूनच भेटला, त्यामुळे विगाराचं गिऱ्हाईक कोण आणि कामतीच्या दुकानाचं कोण हा विनोद ते मरेपर्यंत करत. इगर्जही त्याच 'एक्लेसिया'तून आलेली. तेव्हा इगर्ज आणि फिर्गज या सख्ख्या बहिणी, उगाच यमक जुळत नाही. पोर्तुगालात आजही सगळ्यात लहान सरकारी हद्द ती फ्रेगेझियाच. आपल्या पंचायतीसारखी.

वसईवाली
इतका काथ्याकूट कशाला? आमच्याकडे छापील मराठीत 'धर्मग्राम' रूढ आहे. बिशपांचा तो धर्मप्रांत, त्यातले धर्मग्राम, आणि माणसं धर्मग्रामस्थ. वसईच्या कुठल्याही लग्नपत्रिकेत बघा.

शब्दकिडा
पणजीत ग्राम? फोंताईनीशमधला माणूस ग्रामस्थ?

वसईवाली
मुंबईतल्या गल्लीला 'गाव' म्हणतात तेव्हा चालतं का? घरात आम्हीही पॅरिशच म्हणतो, ते खरं. पण घरात आपण 'दूरचित्रवाणी'ही म्हणत नाही.

नगरकर
आमच्या प्रोटेस्टंट आजीचा शब्द 'मंडळी'. चर्चची इमारत वेगळी, मंडळी वेगळी. "मंडळीनं पाळकाला घर बांधून दिलं" असं ती म्हणे. 'मंडळीनं कौलं परतायला पैसे काढले' हे वाक्य कुठेही अडखळत नाही.

बार्देसकर
नगरकर, वाक्य सुरेख आहे. पण आमच्याकडे 'मंडळी' म्हटलं की नाटकाची. कालोत्सवाला येते ती.

अस्सल
मूळ रोगच कुणी बघत नाही. इगर्ज, फिर्गज, कुंफ्रारी, ही मराठी की काय? मराठीत शुद्ध 'गिरिजाघर' हा शब्द असताना पोर्तुगीजांची उष्टी कशाला?

पणजीचा भाट
😂 अहो, 'गिरिजाघर' म्हणजे हिंदीचं 'गिरजा', आणि गिरजा म्हणजे परत 'इग्रेजा'च. पार्वतीचा त्यात काही संबंध नाही, इकार कुणीतरी भक्तिभावाने वाढवलाय. तीच उष्टी, फक्त उत्तरेला जाऊन आलेली.

अस्सल
तरी कोकणी शब्द मराठीत घुसडणं मला मान्य नाही.

दिवचलीचो
राजभाषेचा वाद इथं नको. 1987 पासून गोव्यात त्यावर पुरेशी जीभ झिजली आहे. एवढंच सांगतो, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री क्रिस्तपुराण लिहायला बसला ते मराठीत, 1616 मध्ये राशोलला छापलं ते रोमी लिपीत, आणि स्वर्गाला त्यानं वैकुंठ म्हटलं. कोण कुणात घुसलं याचा हिशेब तेव्हाच चुकला. आणि ज्या 'सायबिणी'ला आपण सगळे हात जोडतो ती अरबी 'साहिब'ची मराठमोळी बायको.

फोंडेकरीण
बायको नव्हे, स्त्रीलिंगी रूप. नीट बोला. 🙏

शब्दकिडा
व्याकरण निघालंच आहे तर, बार्देसकर, पहिल्याच ओळीत तुम्ही 'इगर्जीची' लिहिलंय. कोकणीत 'इगर्जेची' ना?

बार्देसकर
कोकणीत इगर्जेची. मराठीत चादरीची, तशी इगर्जीची. आमची आजी इगर्जीच म्हणायची, म्हणजे लदिनीला (सामूहिक प्रार्थनेला) कोण कोण आलं होतं ते सांगताना.

वसईवाली
लदिनीला हिंदू आजी?

बार्देसकर
आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) मे महिन्यात लदीन असायची. सगळा वाडा जमायचा. आम्ही पोरं उकडलेल्या चण्यांसाठी, मोठे फेणीसाठी. आजी लांब उंबऱ्यावर बसून ऐकायची. लॅटिनमधलं तिला फक्त 'ओरा प्रो नोबिस' येई, ते ती सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणायची. ती भाविक होती का? होती बहुतेक. फिर्गजकार नक्कीच नव्हती.

बाय द वे, काल काकांना 'धर्मग्रामस्थ' वाचून दाखवला. दोनदा म्हणायला लावला, मग विचारलं, "हो खंयचो गांव?" छापखानेवाला शुक्रवारी पानं मागतोय. तूर्त 'फिर्गजकार' तसाच ठेवलाय, आणि मागच्या पानावर दोन ओळींचा खुलासा. त्या दोन ओळीच अजून लिहून होत नाहीत.

नगरकर
लदिनीच्या चण्यांत खोबरं किसून घालतात का?

फोंडेकरीण
काप. किसून नव्हे.

दिवचलीचो
आमच्याकडे किसूनच.