अंगावर येणारी मांजरं: तुमचे अनुभव लिहा

अंगावर येणाऱ्या कुत्र्याबद्दल सांगितलं तर लोक काळजी करतात. अंगावर येणाऱ्या मांजराबद्दल सांगितलं की हसतात. ज्याच्या पोटरीवर बोचकारे उठलेत त्याला मात्र हसू येत नाही. म्हणून हा धागा. तुमच्या दाराशी, जिन्यात, अंगणात अशी भटकी मांजरं असतील तर ती कशामुळे बिथरतात, तुम्ही काय केलंत, काय लागू पडलं आणि काय अजिबात नाही, ते मोकळेपणाने लिहा. मांजरप्रेमी असण्याची अट नाही.

दोन सल्ले मात्र नकोत. विष घालणं हा पहिला, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. दुसरा म्हणजे पोत्यात घालून लांब सोडून येणं. सोडलेल्या मांजराचे अनोळखी जागी हाल होतात. आणि खाणं-आडोसा तसाच असल्यामुळे मोकळी झालेली जागा आजूबाजूचं दुसरं मांजर पटकावतं. त्या नव्याशी पुन्हा पहिल्यापासून ओळख!

सुरुवात मीच करते. आमच्या जिन्याखाली एक बोका आहे. जाड मान, फुगलेले गाल, एका कानाची चाळण. नसबंदी न झालेला वयात आलेला बोका लांबून असा ओळखू येतो. गाल हार्मोनमुळे फुगतात, कान मारामाऱ्यांत फाटतात. रात्रभर भेसूर ओरडायचा, दारावर उग्र वासाची फवारणी करायचा आणि जिन्यात कुणी समोर आलं की कान मागे चिकटवून फिस्कारायचा. बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं की तो सगळ्यांवर येत नाही. जिन्याखालून बाहेर पडायची एकच वाट आहे आणि त्या वाटेत जो उभा राहील त्याच्यावर येतो. पाठीमागचं खोकं हलवून दुसरी वाट मोकळी केली, निम्मा त्रास तिथेच संपला. उरलेला नसबंदीने. पण ‘केली तरी काही फरक नाही’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात मला सगळ्या मजल्यांवरून ऐकायला मिळालं. शस्त्रक्रियेनंतर अंगातले हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. तेवढी कळ काढावी लागते.

तळमजल्यावरून

ताई, तुमच्या बोक्याला निदान कारण तरी होतं. आमच्याकडची भाटी वर्षभर पायात घोटाळायची, अगदी गरीब. एक दिवस अचानक माझ्या मुलाच्या अंगावर झेपावली. सगळे म्हणाले पिसाळली. निघालं असं की पायरीमागच्या खबदाडात पिल्लं होती आणि मुलगा नेमका तिथे चेंडू शोधत होता.

व्यालेली मांजर महिनाभर तरी कुणाची नसते. आम्ही ती बाजू दोरी बांधून बंद केली आणि पाणी-खाणं चार पावलं लांब ठेवलं. पिल्लांना हात लावायची घाई केली नाही, नाहीतर ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते आणि मग ती नवी जागा शोधण्यातच वेळ जातो. पण फार उशीरही करू नये. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाची सवय लागते. त्या काळात ज्यांना माणसाचा हातच ठाऊक होत नाही ती मोठेपणी पहिल्या चाहुलीला फिस्कारतात. डोळे उघडून चालायला लागल्यावर आम्ही आईच्या समोरच, थोडं थोडं, चमच्याने भरवून त्यांना सरावलं.

आणि पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते बरं का. गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. पिल्लं सुटी झाली की लगेच तिची नसबंदी करून घेतली, नाहीतर आमची पायरी कायम दोरीतच राहिली असती.

मांजर न आवडणारा

अट नाही म्हणालात म्हणून लिहितो. मला मांजरं आवडत नाहीत. माझी बाग आहे आणि ती त्यांना शौचालय म्हणून आवडते. हुसकायला गेलं की उलटी गुरकावतात.

काय चाललं: मोकळ्या मातीवर जाळी अंथरून वर गोटे पसरले. त्यांना भुसभुशीत माती उकरायला लागते, ती मिळेनाशी झाली. हालचाल टिपून पाणी उडवणारा फवाराही लावला, आणि तो माझ्यापेक्षा कामसू आहे. संत्र्याच्या सालींचा परिणाम दोन दिवस, मग त्या सुकतात.

काय चाललं नाही: काठी. काठी घेतलेल्या माणसाला मांजर विसरत नाही. नंतर नुसता हात हलवला तरी अंगावर येतं.

एक गोष्ट मात्र मला पशुवैद्याने दटावून सांगितली. डांबरगोळ्या आणि फिनेल मांजरांना विषारी आहेत. असली रसायनं पचवून बाहेर टाकायची ताकद त्यांच्या यकृतात फारच कमी असते. पायाला लागलेलं ती चाटून साफ करतात आणि ते पोटात जातं. मला मांजरं नको आहेत, मेलेली तर त्याहून नको आहेत.

फवारणीने त्रासलेली

दादा, वासाबद्दल माझीही भर. अमोनिया असलेल्या क्लीनरने दार पुसू नका. मुतालाही तसलाच दर्प असतो, त्यामुळे बोका पुन्हा येऊन त्यावर आपली सही करून जातो. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते लावून तसंच वाळू द्यायचं.

चावा खाल्लेला

हे थोडं लांबेल, पण वाचा.

दोन बोक्यांची जुंपली होती आणि त्यातला एक आमच्या फाटकात अडकला होता. सोडवायला गेलो तर अंगठ्याच्या मुळाशी चावला. दोन बारीक टोचे, रक्त जेमतेम. दिसायला काहीच नाही. सकाळपर्यंत हात मनगटापर्यंत लाल आणि टम्म. डॉक्टरांनी सांगितलं की मांजराचे सुळे सुईसारखे असतात. ते तोंडातले जंतू खोल, अगदी सांध्यापर्यंत नेऊन सोडतात आणि वरचं भोक लगेच मिटतं. पाश्चुरेला नावाचा जंतू यात बऱ्याचदा सापडतो आणि तो दिवसभरातच हात सुजवतो. म्हणून हाताचा चावा कितीही लहान असला तरी त्याच दिवशी दाखवायचा.

रेबीज फक्त कुत्र्याने होतो असं समजणारे माझ्या घरातही होते. मांजरानेही होतो. आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, कारण अंदाजाने धुतलं तर दोन मिनिटांतच पुरे वाटतं. मग लगेच दवाखाना, आणि लस सुरू. रक्त आलेला चावा किंवा ओरबाडा तिसऱ्या श्रेणीत धरतात. त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, हेही देतात. चावणारं मांजर 10 दिवस नजरेसमोर धडधाकट राहिलं तर डॉक्टर उरलेले डोस थांबवू शकतात. पण ‘दहा दिवस बघू, मग लस घेऊ’ हा उलटा हिशेब करू नका. लक्षणं दिसू लागल्यावर या आजारातून जवळपास कुणी वाचत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारून घ्या.

आणि मारामारीत हात घालायचा नाही. मोठा पुठ्ठा, झाकण, उशी, काहीही मध्ये सरकवा.

दवाखान्यात काम करणारी

वरचं अगदी खरं. आमच्याकडे येणाऱ्या माणसाळलेल्या पण ‘अचानक चिडकी झाली’ अशा मांजरांत दुखणं हे कारण फार वेळा निघतं. मारामारीतला चावा वरून भरतो आणि आत पू साठतो. कातडीखाली गळू होतं. तिथे चुकून हात लागला की मांजर चावणारच. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या हेही तसंच. लाळ गळत असेल, खायला येऊन न खाताच मागे फिरत असेल तर दात बघायला हवेत. बोक्यांच्या खोल चाव्यांतून एकमेकांना एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, होतो. माणसाला तो होत नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

कळवळून सांगते, ताप किंवा दुखण्यावर पॅरासिटामॉल देऊ नका. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आम्ही खायला घालतो

आमच्याकडे सहा-सात येतात आणि खाण्यावरून रोज रणधुमाळी व्हायची. ताटली एकच होती. मांजर शिकार एकट्याने करणारा प्राणी, पंगतीला बसणं त्याच्या स्वभावात नाही. आता प्रत्येकाची वाटी वेगळी, आणि एकमेकांचं तोंड दिसणार नाही अशी, कुंडीमागे, खांबामागे. वेळ ठरलेली. अर्ध्या तासाने वाट्या उचलतो, त्यामुळे परगल्लीतले बोके रेंगाळत नाहीत आणि शेजाऱ्यांची उंदीर-मुंग्यांची तक्रारही उरली नाही. वाट्या दारापासून लांब, कारण दारात खायला मिळालं की दार त्यांच्या हद्दीत जातं आणि पोस्टमनसुद्धा घुसखोर ठरतो. दूध बंद केलं. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही आणि मग जिना कुणी धुवायचा यावर आमच्याच घरात फिस्कारणं सुरू व्हायचं.

एक मत आहे, कुणाला लागेल. नुसतं खायला घालून नसबंदीचं बघायचं नाही हे अर्धं काम आहे, आणि त्याचा जाच शेजाऱ्यांना होतो.

खिडकीतली मांजर

आमची मांजर कधी बाहेर जात नाही. बाहेरचा बोका खिडकीशी आला की ती शेपटी फुगवून थरथरते, आणि तेव्हा जो जवळ असेल त्याला ओरबाडते. माझ्या आईचा हात असाच सोलला. राग बोक्यावरचा, निघाला आईवर. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला धूसर कागद चिकटवला. तरी भडकलीच तर उचलायचं नाही, समजवायचंही नाही. खोलीतला दिवा घालवून दार लोटून घ्यायचं. शांत व्हायला कधी काही तास लागतात, कधी अख्खा दिवस.

सून गरोदर असलेल्या काकू

घरातल्या मोठ्यांनी ‘मांजर आधी बाहेर काढा’ म्हणून धोशा लावला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की टोक्सोप्लाझ्मा या, पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीचा धोका मांजराच्या विष्ठेतून असतो आणि ती विष्ठा पडून एखादा दिवस तरी गेल्याशिवाय संसर्ग करत नाही. म्हणून घाण रोजच्या रोज काढायची, गरोदर बाईने ती काढायची नाही, आणि मातीत काम केलं तर हातमोजे. अर्धकच्चं मांस हेही मोठं कारण आहे, त्याबद्दल मात्र आमच्याकडे कुणी धोशा लावला नव्हता!

नवीन

वाचतोय. आमच्या जिन्यात काळा-पांढरा-नारिंगी असा तिरंगी बोका आहे, तो फार डूख धरतो. जवळ जाता येत नाही. पकडायचा कसा?

दवाखान्यात काम करणारी

तिरंगी असेल तर बहुतेक ती भाटीच आहे. नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे तिरंगी नर क्वचितच जन्मतो. पोट बघा आणि स्तन ओढलेले दिसतात का तेही बघा. दूध पाजत असेल तर आधी पिल्लं शोधायला हवीत.

हाताने किंवा पोत्याने पकडू नका. झडप पडणारा पिंजरा एखाद्या पशुकल्याण संस्थेकडून मिळतो का विचारा. आधी काही दिवस झडप बांधून उघडी ठेवा आणि आतच खायला घाला. पकडायच्या आदल्या रात्री खाणं बंद, पाणी चालू. झडप पडली की ताबडतोब जाड चादर टाका, अंधार झाला की ती धडका मारायची थांबते. नसबंदीच्या शस्त्रक्रियेत बेशुद्ध असतानाच रेबीजची लस द्यायला आणि नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापायला सांगा, म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडणार नाही. पूर्ण शुद्धीवर आल्यावर एक-दोन रात्री बंदिस्त ठेवून जिथून उचललं तिथेच सोडा. सोडताना पिंजऱ्याचं तोंड रस्त्याच्या उलट बाजूला हवं आणि तुम्ही मागे.

नवीन

चादर आहे, पिंजऱ्याचं विचारतो. पोट लोंबल्यासारखं वाटतंय खरं. उद्या उजेडात नीट बघून लिहितो.