झन्व्येव्ह : या फ्रेंच नावाचे तुमचे अनुभव

पॅरिसपाखरू : काल ३ जानेवारीला कॅलेंडरवर संत झन्व्येव्हचे नाव दिसले आणि विद्यार्थिदशेतील माझ्या घरमालकीणबाई आठवल्या. फ्रेंच कॅलेंडरांत तारखेपुढे संताचे नाव छापलेले असते आणि त्या नावाच्या व्यक्तीला त्या दिवशी शुभेच्छा देतात. वाढदिवस विसरलेला बाईंना चाले, हा दिवस विसरलेला मात्र खपत नसे. नावाचा अर्थ विचारला की त्या थेट इ.स. ४५१ मध्ये शिरत : अटिला हूण चालून येतो आहे या धास्तीने लोक गाशा गुंडाळू लागले असता, नान्तेरमध्ये जन्मलेल्या या तरुणीने त्यांना शहर सोडू नका असे विनवले, आणि अटिला पॅरिसला बगल देऊन ऑर्लेआंकडे गेला. आपणही आपले अनुभव अवश्य लिहावेत.

शब्दवेडा : जुने लॅटिन रूप ‘जेनोवेफा’ असे आहे. काही अभ्यासक त्यात ‘कुळ’ आणि ‘स्त्री’ या अर्थांचे जर्मानिक शब्द पाहतात, म्हणजे आपली कुलस्त्रीच. काहींना मात्र ते केल्टिक वाटते. मी शिकवणीत हे सांगितले, तेव्हा एका विद्यार्थिनीने ‘मग परीक्षेत काय लिहायचे?’ असे विचारून मला गप्प केले.

मडगावकर : आमच्या शेजारी जेनोवेवा मावशी राहत, हे याच नावाचे पोर्तुगीज रूप. सगळे त्यांना जेनी म्हणत, त्यामुळे त्यांचे नाव जेनिफर असावे असा माझा समज होता. जेनिफरचे मूळ मात्र वेल्श ‘ग्वेनह्वीव्हार’मध्ये आहे.

तुलूजची सून : आमच्या कार्यालयातील साऱ्या झन्व्येव्ह निवृत्तीला आलेल्या होत्या. १८०३ च्या कायद्याने नावे कॅलेंडरांतून किंवा प्राचीन इतिहासातूनच घ्यावी लागत. पुढे हे बंधन सैल होत गेले आणि १९९३ मध्ये निवड खुली झाली. त्यामुळेच आमच्या इरावतीचे नाव नगरपालिकेत विनातक्रार नोंदले गेले.

पायपीट : पॅरिसचे पँथेऑन मुळात याच संतिणीचे चर्च म्हणून बांधले गेले. पंधराव्या लुईने १७४४ च्या आजारपणात तसा नवस केला होता. इमारत पूर्ण होईतो क्रांती झाली, १७९१ मध्ये तिचे थोरामोठ्यांचे स्मारक झाले आणि १७९३ मध्ये संतिणीच्या अस्थी जाळण्यात आल्या. मला अधिक भावला तो तूर्नेल पुलावरचा तिचा १९२८ चा पुतळा, जो नोत्र दामकडे पाठ करून पूर्वेकडे, म्हणजे अटिलाच्या वाटेकडे, पाहत उभा आहे. शिल्पकार लांदोव्स्की, ज्यांनी रिओचा ख्रिस्तही घडवला.

पॅरिसपाखरू : तुलूजच्या ताई, शाळेत इरावतीचा उच्चार कसा करतात?

तुलूजची सून : फ्रेंच ‘र’ घशातून येत असल्यामुळे ती तिथे ‘इघावती’ झाली आहे, आणि आता घरीही तसेच म्हणावे असा तिचा हट्ट आहे.