मदत हवी आहे: दुधातला युरिया मोजायचाय, कुठल्या प्रकारचा बायोसेन्सर (एन्झाइमसारख्या जैविक घटकाने पदार्थ ओळखून मोजणारं उपकरण) करू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी चार म्हशी, दूध डेअरीला घालतो. मागच्या महिन्यात आमचं दूध युरिया आहे म्हणून परत आलं. आम्ही काहीही मिसळत नाही. बाबा तेव्हापासून गप्पच आहेत, म्हणून प्रोजेक्टला हाच विषय घेतला.

घरी ५ मिली दुधात अर्धा चमचा सोयाबीनचं पीठ घालून पाच मिनिटांनी तांबडा लिटमस बुडवला. धड निळा नाही, धड तांबडा नाही. पिठातलं युरिएज हे एन्झाइम युरियाचा अमोनिया करतं हे कळलं. पण दुधात मुळातच थोडा युरिया असतो, पेंड जास्त झाली की वाढतो. मर्यादा ७०० पीपीएम (दहा लाख भागांत ७०० भाग). म्हणजे आहे की नाही यापेक्षा किती आहे, ते हवंय.

आजीचं शुगरचं मशीन ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन करंट म्हणून मोजतं. युरिएजच्या क्रियेत इलेक्ट्रॉनची देवघेवच नाही, त्यामुळे तो मार्ग बंद. प्रकाशावर चालणारे एसपीआर, वजन ओळखणारे क्वार्ट्झचे सेन्सर आमच्या लॅबला परवडणारे नाहीत. पीएच मीटर लावून बघितलं, वीस मिनिटांत ६.७ वरून जेमतेम ६.९. अमोनियमचे आयन मोजणारा इलेक्ट्रोड मागवू का? लॅबमध्ये कंडक्टिव्हिटी मीटर (द्रावणातून वीज किती वाहते ते मोजणारा) पडून आहे, त्यावर जमेल का?

प्रतिसाद:
पीएचचा नाद सोड. दुधातलं केसिन, फॉस्फेट, सायट्रेट पीएच हलू देत नाहीत. अमोनियम इलेक्ट्रोडला पोटॅशियमही चालतं आणि दुधात ते भरपूर, त्यामुळे आकडा फुगेल.

कंडक्टिव्हिटीच घे. युरियाच्या द्रावणातून वीज वाहत नाही. तो तुटला की अमोनियम आणि बायकार्बोनेटचे आयन होतात, ते वाहतात. सोयाबीनचं पीठ पाण्यात कालवून गाळ. त्यातलं अर्धं उकळ म्हणजे युरिएज मरेल. आटलेलं पाणी परत भर. दूध दसपट पातळ करून दोन बीकरमध्ये घे, एकात पिठाचं न उकळलेलं पाणी घाल, दुसऱ्यात तेवढंच उकळलेलं. दुधाचे नि पिठाचे क्षार दोन्हीकडे सारखेच, म्हणून जो फरक वाढत जाईल तो युरियाचा. दोन्ही बीकर एकाच पातेल्यातल्या पाण्यात ठेव, कारण एका अंशाला कंडक्टिव्हिटी साधारण २ टक्के सरकते. मग त्याच दुधात मोजून युरिया घालत आलेख काढ.

आणि म्हशींना पेंड किती घालता ते रोज लिहून ठेव. बाबांना दाखवायला तो कागद लागेल.