विषय: सीव्ही कुणीतरी नजरेखालून घालेल का?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं घरी होते, आता इथे परदेशात पुन्हा अकाउंट्समध्ये नोकरी शोधतेय. चाळीसेक अर्ज झाले, पण बहुतेकांकडून साधी पोचही नाही. चार पानांचा सीव्ही सोबत जोडलाय. मधल्या वर्षांचं काय लिहू? की तारखाच गाळून टाकू?

— स.

---

उत्तर: सीव्ही कुणीतरी नजरेखालून घालेल का?

स. ताई,

तारखा गाळू नका. गाळलेली तारीखच वाचणाऱ्याला आधी दिसते. ‘मुलांच्या संगोपनासाठी विराम’ एवढी एक ओळ पुरे, खुलासा नको. मध्ये एखादा कोर्स केला असेल किंवा कुठे खजिनदारी सांभाळली असेल, तर तेही तिथेच लिहा.

मी बरीच वर्षं भरतीच्या टेबलापलीकडे बसलोय, म्हणून स्पष्ट लिहितो. पहिलं अर्धं पान जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि पासपोर्ट नंबरात गेलंय. ब्रिटन, अमेरिका, कॅनडात यातलं काहीच सीव्हीत लिहीत नाहीत. फोटोही नको (जर्मनीत अजून लावतात, तो भाग वेगळा). शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे सहीसकटचं प्रतिज्ञापत्रही काढा. दोन पानांत बसेल.

‘पास्ड आउट इन २००९’ वाचून मी हसलो, माफ करा. इथल्या वाचणाऱ्याला वाटेल, त्या वर्षी तुम्ही बेशुद्ध पडलात. ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘६३ टक्के, फर्स्ट क्लास’ हेही अडतं, कारण ब्रिटनमध्ये फर्स्ट साधारण ७० पासून सुरू होतो. नुसती पदवी लिहा. ‘४० कोटींची उलाढाल’ म्हणजे ४०० मिलियन, आणि पुढे रुपये हा शब्द हवाच. ०३/०४ हा मार्च की एप्रिल, हे देशागणिक बदलतं, तेव्हा महिन्याचं नाव अक्षरात लिहा.

पण खरी अडचण वेगळीच आहे. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ मी मोजलं, अकरा वेळा आहे. त्यातून तुमच्या खुर्चीचं काम कळतं, तुम्ही काय केलंत ते कळत नाही. परवा फोनवर तुम्ही सहज म्हणालात, की महिनाअखेरचे हिशेब बंद व्हायला नऊ दिवस लागायचे, ते तुम्ही चारवर आणलेत. सीव्हीत त्याचा पत्ताच नाही! जे आहे तेही ‘आमच्या टीमने’. आपलं आपण सांगू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. पण इथे तुमच्या वतीने बोलायला दुसरं कुणी नाही. टीमचं श्रेय टीमला द्या, पण त्यात तुमचा वाटा कुठला, ते ‘मी’ म्हणून लिहा. आणि ते पहिल्या पानावर.

— अ. काका

---

उत्तर: उत्तर: सीव्ही कुणीतरी नजरेखालून घालेल का?

काकांच्या म्हणण्यात एक भर. ताई, दोन रकाने आणि टेबल्स काढा. अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्यात मजकुराची सरमिसळ होऊ शकते. वर्डमधून फाइल ‘प्लेन टेक्स्ट’ म्हणून सेव्ह करून उघडा, काय उरतं ते दिसेल. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ (आपले हिशेब बँकेच्या नोंदींशी जुळवणं) असेल आणि तुम्ही ते केलेलं असेल, तर तोच शब्द वापरा. पांढऱ्या रंगात शब्द लपवण्याची युक्ती मात्र कुणी सांगितली तरी करू नका. माणसासमोर फाइल गेली की ते उघडं पडू शकतं.

— नि.

---

उत्तर: उत्तर: उत्तर: सीव्ही कुणीतरी नजरेखालून घालेल का?

काका, नि., मनापासून आभार.

प्लेन टेक्स्ट करून पाहिलं. माझं नाव, फोन, ईमेल, सगळं गायब! छान दिसावं म्हणून हेडरमध्ये (पानाच्या वरच्या पट्टीत) टाकलं होतं. आता खाली मुख्य मजकुरात घेतलंय.

‘नवाचे चार दिवस’ पहिल्या पानावर, ‘मी’ सकट लिहिलंय. तीनदा खोडलं, पुन्हा लिहिलं. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी वाचलं तर काय म्हणतील, असं अजूनही वाटतंय.

— स.