मदत हवी आहे: रूमची मर्यादा ओलांडली म्हणून औषधांवरही कपात?

कोरेगावकर: सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आरोग्य विमा पॉलिसी ३ लाखांची, रूमभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,०००. रूम मिळाली ४,८०० ची, ५ दिवस. बिल १,८०,०००: रूम २४,०००, सर्जन-भूलतज्ज्ञ-ओटी (ऑपरेशन थिएटर) ९६,०००, औषधं ४४,०००, तपासण्या १६,०००. टीपीएने (विमा कंपनीतर्फे दावे हाताळणारी संस्था) सरसकट ३७.५ टक्के कापले, ६७,५०० आम्ही भरले. दाद मागता येईल का?

बिलवाचक: नक्की मागा. प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे रूमभाडं मर्यादेबाहेर गेलं त्या प्रमाणात होणारी कपात, रूमभाडं आणि 'असोसिएटेड मेडिकल एक्सपेन्सेस' (रूमशी जोडलेले उपचाराचे खर्च) यांनाच लागते. इर्डाच्या (विमा नियामक) २०२० च्या नियमांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट (शरीरात बसवायचे भाग) आणि तपासण्या त्यात धरता येत नाहीत. आयसीयूचं भाडंही नाही. तुमच्या बिलात रूमचे ९,००० आणि सर्जन वगैरेंचे ३६,००० एवढीच कपात बसते, एकूण ४५,०००. उरलेले २२,५०० चुकीने कापलेत. हातमोजे-मास्कचे पैसे नाकारले असतील तर त्यावर भांडत बसू नका, विम्यात न मिळणाऱ्या वस्तूंची ती यादी वेगळी असते.

दरपत्रक: ते ३६,००० सुद्धा लगेच सोडू नका. रूम बदलली तरी सर्जन-ओटीचे दर तेच असतील, तर त्यावर कपात करताच येत नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. त्याचा फोटो काढा.

कोरेगावकर: बिलात ऑपरेशनचं 'पॅकेज' लिहिलं असतं तर?

बिलवाचक: तिथेच घोळ होतो. औषधं पॅकेजमध्ये मिसळली की टीपीए अख्ख्या रकमेला कात्री लावते. अशा वेळी हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याचं ब्रेक-अप (बाबवार हिशेब) घ्यायचं.

दरपत्रक: आता पत्रव्यवहार. टीपीएला फोन करण्यात वेळ घालवू नका, दावा मंजूर-नामंजूर करण्याची जबाबदारी कंपनीची. आधी कोणत्या कलमाखाली किती कापले हे लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, सोबत वरचा हिशेब, बिल, सेटलमेंट लेटर (किती रक्कम मंजूर झाली ते पत्र). तीच तक्रार इर्डाच्या 'बीमा भरोसा' तक्रार पोर्टलवर टाका. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी). फी नाही, वकील चालत नाही, दाव्याची मर्यादा ५० लाख. कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जा. 'औषधं व तपासण्यांवरील २२,५०० परत करावेत' असा नेमका आकडा लिहा. नुसतं 'अन्याय झाला' लिहिलं की छापील उत्तर येतं.