मुलांना गल्ल्यावर (पानाच्या टपरीवर) पाठवण्याविषयी सोसायटीच्या मराठी ग्रुपवर झालेली चर्चा

सी-204 (सचिव) : सर्वांना नमस्कार. कार्यकारिणीच्या बैठकीत काही पालकांनी अशी तक्रार मांडली की, आपल्या तळमजल्यावरील किराणा दुकानातून आणि रस्त्यापलीकडच्या पानाच्या गल्ल्यावरून सातवी-आठवीतल्या मुलांना सिगारेट, पानमसाल्याच्या पुड्या आणि मावा विनासायास मिळतो. चेअरमनसाहेबांकडे गुजरातीतून पत्र द्यायचे आहे. त्याआधी आपल्या मराठी कुटुंबांचे मत समजावे म्हणून विषय येथे मांडतो आहे. कृपया विषयाला धरूनच लिहावे आणि सुप्रभातची फुले आजच्या दिवस बाजूला ठेवावीत.

ए-103 : सचिवसाहेब, गल्ला आपल्या आवाराबाहेर आहे, तेव्हा त्याला हटकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय मुले स्वतःसाठी थोडीच आणतात? घरातल्या मोठ्यांनी सांगितले म्हणून जातात. मीसुद्धा खाली खेळणाऱ्या एखाद्या मुलाला पाकीट आणायला सांगतो आणि उरलेल्या पैशांचे चॉकलेट घे म्हणतो. बडोद्याच्या या मांजलपुरात वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे. गल्लेवाल्याचा यात काय दोष?

डी-401 (वकील) : काका, आपण जे विचारले आहे त्यातच या विषयाचे मर्म आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा 2003 चा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याचे कलम 6 हे 18 वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूचा कोणताही पदार्थ विकण्यास मनाई करते. तो पदार्थ पुढे कोण ओढणार किंवा कोण खाणार, याची त्या कलमात दखलच घेतलेली नाही. त्यामुळे "काकांसाठी नेतो आहे" हे मुलाचे उत्तर शंभर टक्के खरे असले, तरी विक्रेत्याच्या बचावाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. गिऱ्हाईक अल्पवयीन नाही याची खात्री करून घेण्याचा भार नियमांनी विक्रेत्यावरच टाकला आहे, आणि शंका वाटल्यास त्याने वयाचा पुरावा मागायचा आहे. 18 वर्षांखालील व्यक्तीला विक्री हा दंडनीय अपराध असल्याचा किमान 60 सेंटिमीटर बाय 30 सेंटिमीटर मापाचा फलक स्थानिक भाषेत लावणेही त्याला बंधनकारक आहे. आपल्या दुकानात तसा फलक नाही, हे मी आज जाता-येता पाहिले.

याच कलमाचा दुसरा भाग शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आतील विक्रीला मनाई करतो. गल्लेवाल्याचे म्हणणे असे की, शाळेचे फाटक मागच्या रस्त्यावर असल्यामुळे त्याचा गल्ला लांब पडतो. पण हे अंतर रस्त्याने चालून मोजायचे नसून शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचे असते, आणि फाटक कोठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. हा प्रश्न टेप धरल्यावरच सुटेल.

कलम 6 मोडल्याबद्दल कोटपाखाली दंड 200 रुपयांपर्यंतच आहे, आणि आजच्या भावात त्याचा धाक कोणाला वाटणार, हे मी वेगळे सांगायला नको. परंतु 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 77 अगदी निराळे आहे. बालकाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला त्यात 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पाकीट आणायला पाठवणाऱ्या शेजाऱ्यावर ते लागू होईल असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र ते कलम केवळ दुकानदाराला उद्देशून लिहिलेले नाही, एवढे ध्यानात असलेले बरे.

ए-103 : म्हणजे आता पाकिटापायी तुरुंगात जायचे! वकीलसाहेब, आपल्याला फी मिळत नाही म्हणून बरे आहे.

बी-302 (शिक्षिका) : काका, तुरुंग राहू द्या. मुलगा गल्ल्यावर उभा असताना त्याच्या डोळ्यांसमोर काय घडते, ते मला सांगावेसे वाटते. गल्लेवाला प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यावर कातरलेली सुपारी टाकतो, त्यावर चिमूटभर तंबाखू, त्यावर बोटाने चुना, मग तुकडा गुंडाळून तळहातांत खसखसून मळतो आणि रबर लावून पुढे सरकवतो. वडिलांसाठी मावा न्यायला आलेला मुलगा हे सगळे दर वेळी जवळून पाहतो. किराणा दुकानात तर पुड्यांच्या माळा वेफरच्या पाकिटांच्या शेजारीच, बरोबर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगलेल्या आहेत. मुलांच्या हाताला लागतील अशा रीतीने हे पदार्थ मांडू नयेत, असा नियम असूनही ही स्थिती आहे. गुजरातमध्ये गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण साधा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असे सुटे सुटे मिळते. आमच्या वर्गातील मुले दोन्ही पुड्या दातांनी फाडून एकत्र कशा करायच्या, हे एकमेकांना दाखवतात.

2019 च्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणात 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांपैकी 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करत असल्याचे आढळले. मला त्याहून अस्वस्थ करणारी बाब ही की, ज्यांनी कधी ना कधी बिनधुराचा तंबाखू घेतला होता, त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांनी तो दहावा वाढदिवस होण्याआधीच घेतला होता. हे वय दुकानातून काहीतरी आणायला पाठवण्याचे वय आहे. या फेऱ्यांत मुलाला छापांची नावे पाठ होतात, भाव समजतो आणि मुख्य म्हणजे आपल्याला कोणी काही विचारत नाही, हे पक्के कळते. पुढे तो स्वतःसाठी मागायला जातो, तेव्हा गल्लेवाल्याला वेगळे काही जाणवतच नाही, कारण त्याच्या लेखी तो ओळखीच्या घरातला निरोप्या असतो.

माझे म्हणणे इतकेच आहे की, आधी आपल्या घरांतून ही पाठवणी बंद व्हावी. सोसायटीतले एकही मूल मोठ्यांसाठी म्हणून तेथे जात नाही असे एकदा ठरले, की समोर आलेल्या कोणत्याही मुलाला नाही म्हणणे विक्रेत्याला सोपे होईल. आज त्याने नाही म्हटले, तर संध्याकाळी आपल्यातलेच कोणीतरी त्याच्याशी भांडायला जाते.

सी-105 : अगदी खरे आहे. असे भांडण मी ऐकलेले आहे.

बी-501 : एक मुद्दा राहून जातो आहे. गल्ल्यावर बंदोबस्त केला, तरी दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या अॅपवर सिगारेट मिळतेच. "माझे वय 18 पूर्ण आहे" या चौकटीवर बोट टेकवले की काम झाले, आणि आईचा फोन हातात असला की ते बोट कोणाचे हे कोण पाहतो? सामान आणणारा मुलगा घाईत असतो, दार कोणी उघडले याकडे त्याचे लक्ष नसते. निदान आपल्या दारावर पाकीट मुलाच्या हातात देऊ नये, अशी सूचना वॉचमनकडून सामान आणणाऱ्या प्रत्येकाला देता येईल. ई-सिगारेटचे म्हणाल, तर 2019 च्या कायद्याने तिची विक्री सर्वांसाठीच बंद आहे, त्यामुळे तेथे वयाचा प्रश्नच उद्भवत नाही. दिसायला ती पेनासारखी किंवा पेन ड्राइव्हसारखी असते, म्हणून दप्तरात सापडली तरी पालकांना ओळखू येत नाही.

ए-202 : मला गल्लेवाल्याची बाजू थोडी मांडायची आहे. आपण आणंदकडे जाताना दुतर्फा तंबाखूची शेते पाहतो, त्या चरोतर भागातली कितीतरी घरे त्यावर चालतात, आणि हा गल्लेवालाही त्याच भागातून पोटासाठी बडोद्याला आला आहे. त्याचा गल्ला हटवावा असे पत्रात जाऊ नये. दुसरे असे की, दुपारी तो जेवायला गेला की त्याचा नववीतला मुलगा गल्ल्यावर बसतो आणि तोच मावा मळून देतो. आपल्या मुलांविषयी इतके लिहिले गेले, त्या मुलाविषयी कोणी लिहिले नाही.

डी-401 : हे आपण लिहिलेत ते फार चांगले झाले. 18 वर्षांखालील व्यक्तीने तंबाखूजन्य पदार्थ हाताळू नयेत आणि विकूही नयेत, असेही नियमात आहे. तेव्हा तक्रारीच्या आधी त्याच्याशी शांतपणे बोलावे, असे मला वाटते. तो गृहस्थ समजूतदार आहे. गल्ला 100 यार्डांच्या आत निघाला, तर मात्र केवळ बोलून भागणार नाही, कारण तेथे प्रौढांनाही विक्री करता येत नाही. त्याला जागा बदलण्यास अवधी द्यावा आणि त्यानंतरही काही न झाल्यास पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी कोटपाखाली कारवाई करू शकतो.

सी-204 (सचिव) : तळमजल्यावरील दुकान आपल्याच एका सभासदाचे असून भाड्याने दिलेले आहे. भाडेकरार नव्याने होताना अल्पवयीनांना तंबाखूविक्री न करण्याची अट त्यात घालण्यास ते तयार आहेत. पुड्यांच्या माळा काउंटरच्या मागे नेण्यास आणि फलक लावण्यास दुकानदाराने फोनवर होकार दिला आहे. आपल्या आवारात जी शिकवणी चालते, तिच्यामुळे 100 यार्डांचा नियम लागू होतो का, असे एका सभासदांनी मला खासगीत विचारले आहे.

डी-401 : नियमातील व्याख्या मान्यताप्राप्त शाळा-महाविद्यालयांच्या अंगाने केलेली आहे, त्यामुळे शिकवणीच्या आधारे वाद घालू नये. 18 वर्षांची अट सगळीकडेच लागू आहे, तिचाच आधार घ्यावा.

बी-302 : पत्राखाली तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा 1800-11-2356 हा क्रमांक जरूर द्यावा. फोन विनामूल्य आहे आणि समुपदेशन मिळते. ज्या मुलांना सवय लागून गेली आहे, त्यांना केवळ रागावून काही साधणार नाही.

ए-103 : हा क्रमांक माझ्यासाठी नाही, असे मी गृहीत धरतो. पाकिटासाठी यापुढे मी स्वतः खाली जाईन. फक्त लिफ्ट आठवडाभर बंद आहे, तिच्याकडेही कार्यकारिणीने पाहावे.

सी-204 (सचिव) : लिफ्टवाल्याला उद्या बोलावले आहे. रविवारी सकाळी साडेनऊ वाजता शाळेच्या मागच्या भिंतीपाशी अंतर मोजायचे आहे. बी-501 यांनी लांब टेप आणावी, आणि ए-202 यांनी गल्लेवाल्याला त्याची पूर्वकल्पना द्यावी, म्हणजे आपण चोरून मोजतो आहोत असे त्याला वाटणार नाही. गुजराती पत्राचा मसुदा आज रात्री येथेच टाकतो.