एचबीओटी: औषध की ऑक्सिजनचं टॉनिक?

घाटावरचा
आमच्याकडे मेन रोडला जिमच्या वर नवीन एचबीओटी सेंटर उघडलंय, म्हणजे हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी: बंद चेंबरमध्ये बसवून जास्त दाबाखाली ऑक्सिजन द्यायचा. पाटीवर ओळीनं लिहिलंय: मधुमेहाची जखम, लकवा, ऑटिझम, केस गळणं, चेहऱ्याला तजेला. जत्रेतल्या जडीबुटीवाल्याची यादीपण एवढी लांब नसते राव. माझं मत सरळ आहे. हायपरबॅरिक ऑक्सिजन हे डायव्हर लोकांचं औषध, खोल पाण्यातून भसकन वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, मग माणसाला परत प्रेशरमध्ये घालून ते विरघळवायचे. कुलाब्याला नेव्हीच्या अश्विनी हॉस्पिटलात ते शोभतं. जिमच्या वर जे चाललंय तो धंदा आहे. वेगळं मत असेल तर मांडा, फक्त "आमच्या ओळखीत एकाला फरक पडला" एवढ्यावर नको.

फणसाचा_गरा
ओळखीतलं नाही, घरचं सांगते. मावशीला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, रेडिएशन घेऊन बरी झाली आणि सहा वर्षांनी लघवीतून रक्त सुरू. रेडिएशनने मूत्राशयातल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू मरत जातात म्हणे. दर महिन्याला गुठळ्या, कॅथेटर, रक्त चढवा, बाई नुसती पांढरीफटक. शेवटी युरॉलॉजिस्टनेच चेंबरला पाठवलं, ३५ सिटिंग झाली, विसाव्याच्या पुढे लघवीचा रंग बदलला. ह्यावर स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड मिळून केलेली रिच-आर्ट नावाची ट्रायल २०१९ ला आली आहे, त्यात चेंबरवाल्या गटाचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाला. तेव्हा "डायव्हर लोकांचं औषध" हे मागे घ्या.

घाटावरचा
घेतलं, अर्धं. मावशींना युरॉलॉजिस्टने पाठवलं, पाटी वाचून नाही गेल्या. माझा मुद्दा तोच आहे.

भूलथापा_नव्हे_भूलतज्ज्ञ
थोडं आत काय होतं ते सांगतो, नाहीतर भांडण नुसतं हवेत राहील (प्रेशरशिवाय). धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यात अजून ऑक्सिजन कोंबता येत नाही. पण प्रेशर वाढवलं की तो प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, विरघळतो. साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली विरघळलेला असतो, तीन ॲटमॉस्फिअरला (म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाला) शुद्ध ऑक्सिजन दिला की ६ मिलीच्या आसपास. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या बोरेमांनी डुकरांचं जवळपास सगळं रक्त काढून प्लाझ्मासारखं द्रावण भरलं आणि ती चेंबरमध्ये जिवंत राहिली, एवढी ह्या गोष्टीची ताकद.
आणि डायव्हर कशाला, बंद बाथरूममधला गॅस गीझर घ्या. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला की रक्तातला निम्मा बाहेर पडायला साध्या हवेत चार-पाच तास, मास्कने ऑक्सिजन दिला तर सव्वा-दीड तास, चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं.
आता दुसरी बाजू. जिमच्या वर बहुतेक फुगवायची चेन लावलेली पिशवी असणार, १.३ ॲटमॉस्फिअरची. त्यात साधी हवा भरली असेल तर हिशोब करा, २१ गुणिले १.३, म्हणजे साध्या दाबाला २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं. तेवढा नाकातल्या नळीनेही मिळतो. हॉस्पिटलातलं २ ते ३ ॲटमॉस्फिअर आणि ही पिशवी ह्यांना एकच नाव देणं हीच मूळ चलाखी आहे.

शुगरफ्री_शिरा
मधुमेहाच्या जखमेबद्दल कोणीच बोलेना. बाबांचा अंगठा काढायचं ठरलं होतं, ४० सिटिंग केली, अंगठा आहे.

घाटावरचा
आनंद आहे दादा, खरंच. पण त्याच काळात अँजिओप्लास्टी झाली का? शुगर आटोक्यात आणली? रोज ड्रेसिंग? मग श्रेय एकट्या चेंबरला कसं? स्वीडनच्या २०१० च्या ट्रायलमध्ये वर्षाने ५२ टक्क्यांची जखम भरली, दुसऱ्या गटात २९, भारी. पण कॅनडाच्या २०१६ च्या ट्रायलमध्ये पाय कापण्याची वेळ टळण्यात काही फरक नाही, आणि नेदरलँड्सच्या २०१८ च्यातही ठोस काही हाती नाही.

शुगरफ्री_शिरा
अँजिओप्लास्टी झाली होती, मान्य. पण डच ट्रायलमध्ये कित्येकांना सिटिंग पुरी करताच आली नाहीत, त्याचं काय? रोज दोन तास जाऊन-येऊन, दुखऱ्या पायाने. अर्धं औषध घेतलं तर गुण अर्धाच येणार ना. तुमचा स्वतःचा अंगठा असता तर ट्रायल वाचत बसला असता का?

घाटावरचा
बसलो असतो. त्याच पैशात आधी डॉप्लर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, केली असती.

चेंबरवाला_बाळ्या
मी टेक्निशियन आहे, हॉस्पिटलातल्या काचेच्या चेंबरवर. लोक विचारतात ऑक्सिजनने काय अपाय होणार. कान दुखतात, नाक दाबून कान फुगवायला शिकवतो, न जमलं तर प्रेशर तिथेच थांबवतो. काहींचा चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो. क्वचित झटका येतो. छातीत हवा साठलेला म्हणजे न्यूमोथोरॅक्सचा पेशंट तर अजिबात आत घ्यायचा नाही. मधुमेहवाल्यांची शुगर आत घालायच्या आधी बघायची, कारण आत ती घसरते.
पण मला झोप लागू देत नाही ती आग. आत शंभर टक्के ऑक्सिजन असतो, एक ठिणगी पुरते. मिलानला १९९७ मध्ये ११ माणसं गेली, एका पेशंटने हात शेकायचा हीटर आत नेला होता. अमेरिकेत मिशिगनमध्ये जानेवारी २०२५ ला पाच वर्षांचं पोर गेलं, एडीएचडी (अतिचंचलपणा, लक्ष न लागणं) आणि झोपेच्या त्रासासाठी आणलेलं.
मागच्या आठवड्यात एक आजी आल्या, केसांना चपचपीत खोबरेल. म्हटलं आजी, केस धुवून या. म्हणाल्या, रात्रीच लावलंय रे, डोकं थंड राहतं. अर्धा तास वाद, शेवटी सुनेने बेसिनलाच शाम्पू केला. तेल नाही, अत्तर नाही, नायलॉन नाही, मोबाईल नाही, सुती गाऊन आणि अंगातल्या स्टॅटिकची ठिणगी पडू नये म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा, मग दार बंद.

पिल्लूची_आई
इथे सगळे पाटीला हसताय. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझम आहे. थेरपीची वेटिंग लिस्ट पाच महिने. हे सेंटर उद्या या म्हणतं. मी काय करावं अशी अपेक्षा आहे?

भूलथापा_नव्हे_भूलतज्ज्ञ
ताई, हसणं तुमच्यावर नव्हतं. ऑटिझमसाठी २००९ च्या एका ट्रायलमध्ये फायदा दिसला होता, पुढच्या वर्षीच्या ट्रायलमध्ये दिसला नाही, आणि २०१६ च्या कोक्रेन आढाव्यात (सगळ्या ट्रायल एकत्र तपासणारी संस्था) उपयोगाचा पुरावा सापडला नाही. कान दुखतोय हे न बोलणारं मूल सांगणार कसं, हा वेगळाच प्रश्न. माझं पोर असतं तर नेलं नसतं.

फणसाचा_गरा
मी चेंबरच्या बाजूची आहे तरी हेच म्हणेन.

चेंबरवाला_बाळ्या
ताई, जायचंच असेल तर तीन गोष्टी विचारा: डॉक्टर पूर्ण वेळ तिथे असतो का, प्रेशर किती, अर्थिंग कसं करतात.

पिल्लूची_आई
आत्ता फोन केला. डॉक्टर शनिवारी येतात. प्रेशर "मुलांना सोसेल एवढं". अर्थिंगचं विचारल्यावर म्हणाला, मॅडम आमचं मशीन बॅटरीवर चालतं. भरलेले दोन हजार परत मागितले तर म्हणे पुढच्या पॅकेजमध्ये वळते करू.